रंग परवा चढेल

जत्रेत सगळं लगेच मिळतं. भजी कढईतून थेट कागदावर, फोटो तिथल्या तिथे, मशिनीवर हातभर गोंदण बसल्या बैठकीला. आकाशपाळणा वर जातो आणि पैसे वसूल झाले म्हणेपर्यंत खालीही येतो. अशा ठिकाणी मेंदी घेऊन बसणं म्हणजे गर्दीच्या उलट चालणं. खरी मेंदी हातावर चार-सहा तास तरी राहायला हवी. खरवडली की पहिल्या दिवशी ती नुसती नारिंगी दिसते. गडद तपकिरी-लाल रंग यायला आणखी एक-दोन दिवस जातात आणि तोवर गिऱ्हाईक आपापल्या गावी पोचून शेण-पाण्याला लागलेलं असतं. पैसे आज घ्यायचे, माल परवा मिळेल म्हणायचं आणि तेही पुन्हा कधी गाठ पडेल याची खात्री नसलेल्या माणसाला.

मी कोरेगावात नवरीची मेंदी काढते. लग्नघरात वेळेची अडचण नसते. नवरीला लोडाला टेकवून बसवतात, करवल्या तिला पाणी पाजतात आणि मी मध्यरात्रीपर्यंत कोपराच्या वर चढत राहते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत स्टॉल टाकायचं मनात आलं, तेव्हा ही सगळी सोय तिथे नसणार हे उघड होतं. तिथे बाई उभ्या उभ्या येणार, कडेवर पोर, खांद्याला पिशवी, पुढे चालत गेलेला नवरा. तिच्या हातावर तासन्‌तास ठेवायची वस्तू तिला विकायची होती.

पुसेगाव खटाव तालुक्यात, साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडून निघालं की वर्धनगडाचा घाट चढायचा आणि पलीकडे उतरलं की आलंच. मार्गशीर्ष वद्य दशमीला महाराजांचा रथ निघतो. लोक रथाला नोटांच्या माळा बांधतात. दिवस कलेपर्यंत रथ नोटांखाली झाकून गेलेला असतो. पण यात्रा त्या एका दिवसाची नाही. जनावरांचा बाजार, कुस्त्या, बैलगाडी शर्यती, भांडी, घोंगडी, खेळणी, पाळणे असं कितीतरी दिवस चालू असतं. यात्रा लांब आहे, यातच मला माझी वाट दिसली. किरकोळ दुकानदार बहुतेक रथाच्या आगेमागे माल उतरवतात, कारण खरी गर्दी तेव्हाच होते. मी यात्रा भरायला लागली तेव्हाच जागेची पावती करून घेतली. नणंद म्हणाली, वहिनी, रिकाम्या रानात भाडं कशाला भरायचं? मी म्हटलं, रथाच्या दिवशी रंगलेले हात यात्रेत फिरायला हवे असतील, तर त्यांच्यावर मेंदी दोन दिवस आधी काढायला नको का?

जागाही कोपऱ्यावरची घेतली नाही. कोपऱ्यावर माणसांचा रेटा असतो आणि ओल्या मेंदीला रेटा सोसत नाही. गर्दीत एकीचा हात दुसरीच्या लुगड्याला लागला की दोघींचं नुकसान आणि भांडण आपल्या दारात. मी आतल्या गल्लीत, कासारांच्या ओळीला जागा घेतली. तिथे बाया मुळातच हात पुढे करून बसलेल्या. शेजारच्या कासारकाकांशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवलं. आधी बांगड्या भरायच्या, त्या कोपराकडे सरकवायच्या, मगच मेंदी. उलटं झालं तर ओल्या मेंदीवरून बांगड्या चढवताना नक्षी पुसते आणि काचेच्या कडेला चिकटते. काका अनुभवी. ते बांगडी दाबून चढवता चढवता बायांना सांगायचे, "हात मऊ हाय तवर बाजूला जाऊन मेंदी काढून घ्या."

दहा बाय दहाच्या जागेत चार बांबू, वर ताडपत्री, तीन बाजूंना कनात. खाली पाणी मारून धूळ बसवायची आणि वर बारदान अंथरायचं. त्या बाजूला पाऊस मुळात कमी आणि जनावरांची, माणसांची वर्दळ झाली की फुफाटा उडतो. ओल्या मेंदीवर माती बसली की रेघ जाड दिसते. बल्ब डोक्यावर न टांगता माझ्या डाव्या खांद्यापुढे टांगला, नाहीतर माझ्याच उजव्या हाताची सावली नक्षीवर पडते. गिऱ्हाईक खुर्चीवर, मी बुटक्या स्टुलावर आणि मधे उशी, तिच्यावर जुना टॉवेल. गिऱ्हाइकाचा कोपर टेकलेला असला की हात थरथरत नाही. माझा टेकलेला असला की माझी पाठ वाचते. आणि एका कडेला लाकडी बाक ठेवला. तो घरून टेम्पोत घालून नेताना सगळ्यांनी नाकं मुरडली होती. विकायचं त्याच्यावर काहीच नव्हतं. मेंदी काढून झालेल्या बाईने बसायचं, एवढंच त्याचं काम.

मेंदी सोजतची. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या या गावाच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही मात्र त्याआधीपासून तीच वापरतो, कारण ती बारीक दळलेली मिळते आणि कोनाच्या टोकात अडकत नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वजनाच्या साधारण एक टक्का. ते मोकळं व्हायला आंबटपणा लागतो, ऊब लागते आणि वेळ लागतो. लिंबाच्या रसात पावडर कालवायची, थोडी साखर घालायची, म्हणजे लेप हाताला धरून राहतो, आणि निलगिरीचं तेल. उन्हाळ्यात संध्याकाळी भिजवलेली मेंदी झोपायच्या वेळेला तयार होते. डिसेंबरात खटावच्या माळावर रात्री हाडं गोठतात; तिथे सकाळी उघडून पाहिलं तरी कच्चीच. मग मुक्कामाच्या घरी चुलीच्या उबेला पातेलं ठेवायचं, वर गोधडी गुंडाळायची. तयार झाली की नाही ते वासावरून कळत नाही. तळहातावर ठिपका ठेवायचा, थोड्या वेळाने पुसायचा आणि खाली नारिंगी डाग दिसला तरच कोन भरायला घ्यायचे. यात्रेच्या त्या दिवसांत माझा डावा तळहात नुसत्या ठिपक्यांनी भरला होता. कासारकाका विचारायचे, देवी आल्यात का?

मग गाळणं. मेंदी पावडर कितीही कपडछान म्हणून विकली, तरी तिच्यात शीर राहतेच. नायलॉनच्या जुन्या ओढणीतून लेप पिळून काढायचा. तो घट्ट दह्यासारखा हवा. चमचा उलटा केला तर सावकाश सुटायला पाहिजे. सेलोफेनचे त्रिकोण कापून कोन वळायचे, टोकाला भोक सुईइतकंच ठेवायचं, मागून घडी घालून चिकटपट्टी लावायची. शंभर ग्रॅम पावडरीत बारा-चौदा कोन होतात. भरलेली मेंदी दोन दिवस टिकते, पुढे तिचा जोर जातो, म्हणून एका रात्री लागेल तेवढीच करायची. भाची गाळायची, नणंद कोन भरायची, मी दुसऱ्या दिवशीची पावडर कालवायची. यात्रेत तमाशाच्या फडावर ढोलकी घुमायला लागली की आमची ही कामं सुरू व्हायची.

पहिल्या दोन दिवसांत गावातल्या पोरींना आणि आजूबाजूच्या वस्तीवरच्या बायांना मी निम्म्या दरात मेंदी काढून दिली. अट तीन गोष्टींची. रात्रभर ठेवायची. सकाळी पाण्याने धुवायची नाही, खरवडून खोबरेल लावायचं. आणि रथापर्यंत रोज यात्रेत फिरायला यायचं. कॉलेजातली एक पोर म्हणाली, फिरायला तर आम्ही येणारच, त्यात तुमचा काय फायदा? मी म्हटलं, बाहेर पाटी लावायची तर रंगाऱ्याला पैसे द्यावे लागतात, तुझ्या हातावर फुकट लागते.

यामागे विज्ञान आहे, ते मी त्यांना सोप्या भाषेत सांगायची. लॉसोन कातडीतल्या केरॅटिनला चिकटतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू गडद होत जातं. म्हणून पहिल्या दिवशी नारिंगी, चोवीस तासांनी लालसर, आणि दोन दिवसांनी खरा रंग. तळहात आणि तळपाय यांची कातडी जाड, तिथे सगळ्यात गडद; मनगटाच्या वर चढत जाल तसा फिका. सासू मायाळू असली की मेंदी रंगते म्हणतात, नवऱ्याचं प्रेम असलं की रंगते म्हणतात. मी कोणाचाच गैरसमज दूर करायला जात नाही. पण घरी गेल्यावर हात शेकायला, तव्यावर लवंगा टाकून त्यांच्या धुरावर हात धरायला मात्र सांगते, कारण ऊब मिळाली की रंग धरतो, मग सासू कशीही असो.

जत्रेतली मेंदी आणि लग्नातली मेंदी यांत नक्षीचाही फरक आहे. लग्नात पंजा गच्च भरतात, वधू-वर, कलश, डोली, सगळं. जत्रेत बारीक काम केलं तर रांगेतल्या बायका निघून जातात आणि जाड काम केलं तर वाळत नाही. मी ठरावीक नक्षी एका पुठ्ठ्यावर काढून लावल्या होत्या: करंगळीपासून मनगटापर्यंत तिरकी उतरणारी अरबी वेल, मधे गोल टिक्का, कोयऱ्यांची जोडी, एका बोटावरून उतरणारी साखळी. अंगठीची नक्षी तीस रुपये, एका बाजूची वेल पन्नास, दोन्ही हात शंभर. बायका तळहात पुढे करतात, मी पुष्कळदा हात उलटा करून मागच्या बाजूला काढायची. रंग तिथे थोडा फिका येतो हे सांगूनच. पण तळहात मोकळा राहिला तर पोराचं बोट धरता येतं, पिशवी उचलता येते. यात्रेत हात नुसता शोभेला नसतो.

पैसे आधी. यात हावरेपणा नाही. मेंदी काढल्यावर बाईला चोळीत हात घालता येत नाही, कनवटीची गाठ सोडता येत नाही, मोबाइलवर बोट दाबता येत नाही. मग नवऱ्याला शोधा, तो शर्यतीला गेलेला. पहिल्या दिवशीच हे लक्षात आलं आणि पुठ्ठ्यावर सगळ्यात वर लिहिलं, पैसे आधी, पदर नीट करून, नाक खाजवून मग बसावं. ते शेवटचं वाचून बाया हसायच्या, आणि मेंदी अर्धी झाल्यावर नेमकं नाक खाजायचं.

एका दुपारी जनावरांच्या बाजारातून एक आज्जी आल्या. लेक खोंड बघायला गेला होता, त्यांना सावलीला बसायचं होतं. नऊवारी, डोईवरून पदर. पुढे केलेल्या हातावर आधीपासूनच नक्षी होती: मनगटाच्या आतल्या अंगाला गोंदलेली तुळस, निळसर-हिरवी, कडा फिसकटलेल्या, आणि बोटांच्या पेरांवर ठिपके.

"ही तुळस तेवढी झाकू नगंस," त्या म्हणाल्या. "पंज्यात एक टिक्का काड आन् बोटास्नी टोप्या घाल. दुसरं काय बी नगं."

मी टिक्का काढायला घेतला. त्या बघत होत्या कोनाकडे. "आमच्या वक्ताला पाट्यावर पानं वाटायची. काथ घालायचा. नागपंचमीच्या आदल्या राती हाताला लावायची आन् वरनं एरंडाची पानं बांधून निजायचं. सकाळच्याला अंथरूण बी रंगल्यालं असायचं."

त्यांचा तळहात इतका राबलेला होता, की रेघ ओढताना कोनाचं टोक कातडीच्या भेगांवर उड्या मारत होतं. बारीक रेघ तिथे टिकलीच नसती. टिक्का ही मेंदी अशाच हातांसाठी आहे. सबंध वर्तुळ भरलं की भेगांतही रंग उतरतो आणि जाड कातडीमुळे तो शहरातल्या मऊ हातापेक्षा किती तरी गडद येतो. टोप्या घालून झाल्या, लिंबू-साखरेचा बोळा हलक्या हाताने फिरवला आणि त्यांना बाकावर बसवलं.

थोड्या वेळाने लेक आला. चला म्हणाला, खोंड ठरलाय. त्या म्हणाल्या, "वाळंना बग अजून." तो गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मेंदीला तडे गेलेले मला दिसत होते. "अजून जराशी वली हाय." तिसऱ्या खेपेला तो भज्यांचा पुडा घेऊन आला. आज्जींचे दोन्ही हात अधांतरी. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग बाकाच्या कडेला बसून आईला भजी भरवायला लागला. मध्येच मिरची आली तर ती काढून स्वतः खाल्ली. आज्जी सावकाश खात होत्या. पुडा संपला तेव्हा त्या उठल्या.

त्या गेल्यावर मी बाकाकडे नीट पाहायला लागले. मेंदी वाळायला लागणारा वेळ आणि बाया तिथे बसत तो वेळ यांचा मेळ बसत नव्हता. पातळ नक्षी पंधरा-वीस मिनिटांत वरून वाळते, मग चालायला हरकत नाही. पण बाया उठत नव्हत्या. पोरं नवऱ्याच्या कडेवर गेलेली, पिशव्या सासऱ्याच्या हातात आलेल्या. ओल्या हातांच्या बाईला कोणी पाणी आण म्हणत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा-नैवेद्य करून, सकाळी उठून धारा काढून, दुपारची एसटी गाठून आलेल्या त्या बायांना कामातून सुटका देणारं दुसरं काहीही त्या यात्रेत विकायला नव्हतं. म्हणून मी घाई करणं सोडलं. वाळली का असं विचारायचं नाही, असं भाचीलाही सांगून ठेवलं.

तिथे बसून गोष्टीही कळत. एका सुनेला नवऱ्याचं नाव वेलीत लपवून हवं होतं. नाव काय म्हटलं तर ती लाजून गप्प. सोबतच्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला पुढे केलं, "सांग गं, तुझ्या पप्पांचं नाव." पोरीने आधी आडनाव सांगितलं, मग गाव, मग पप्पांचं मोबाइलचं दुकान कोणतं ते. बाकावरच्या बाया म्हणाल्या, उखाणा घे की! तिने घेतला, सगळा बाक हसला आणि मी त्या नावाची अक्षरं पाकळ्यांत पेरली. शर्यतीच्या दिवशी पोरांचं टोळकं आलं. मला वाटलं छाती-दंडावर वाघ काढून मागतील. त्यांना मनगटावर बैलाचं नाव हवं होतं. एकाला सर्जा, दुसऱ्याला राजा. बैल त्यांचा होता का विचारलं तर म्हणाले, न्हाय, पण आमच्या गावचा हाय. पोरांच्या हातांना केस असतात, रेघ फाकते. तरी दोन्ही नावं ठसठशीत काढली.

आता काळ्या मेंदीबद्दल. यात्रा रंगायला लागली तसा एक माणूस खोक्यात कोन घेऊन फिरायला लागला. पाच मिनिटांत रंग, अर्ध्या तासात काळाभोर. त्याने मलाही घाऊक भावात देऊ केले. गणित त्याच्या बाजूचं होतं. बाईला बाकावर बसवायला नको, परवाचा वायदा नको, रंग डोळ्यांदेखत. पण मेंदीच्या पानातून काळा रंग येतच नाही. अशा काळ्या कोनांत बहुतेक वेळा केसांच्या कलपातलं पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन असतं. केसांना ते मोजून-मापून, धुऊन टाकायच्या बोलीवर लावतात. इथे ते उघड्या कातडीवर तासभर राहतं. अमेरिकेतल्या कातडीच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २००६ सालचं ‘वर्षाचं ॲलर्जन’ म्हणून पीपीडीचंच नाव जाहीर केलं होतं. त्याने नक्षीच्या आकाराचे फोड उठतात, आणि वाईट म्हणजे एकदा अंगाने ते ओळखून ठेवलं, की पुढे आयुष्यभर साधा कलप लावला तरी त्रास होऊ शकतो. एका मुलीने मला मनगटावर पांढुरकी पडलेली वेल दाखवली. कुठल्याशा जत्रेतल्या काळ्या कोनाची ती खूण. रंग कधीच गेला होता, डाग राहिला होता.

मी खोकंवाल्याला नको म्हटलं आणि पुठ्ठ्यावर आणखी एक ओळ वाढवली, इथली मेंदी आज नारिंगी, परवा लाल, काळी कधीच नाही. बायका ती वाचून वाद घालायच्या. "परवा मी हितं असणार हाय का?" एकजण म्हणाली. "न्हाय रंगली तर तुला कुठं हुडकू?" याला माझ्याकडे शब्दांचं उत्तर नव्हतं. तान्ह्या बाळाच्या पायाला नुसता ठिपका लावा म्हणणाऱ्या आयांनाही मी परत पाठवायची. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. ते बाहेरून दिसत नाही, पण अशा बाळाला मेंदीने रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो. एका आजीबाईंना राग आला, आमच्या सगळ्या नातवंडांना लावली म्हणाल्या. मी त्यांच्या हातावर फुकट टिक्का काढला आणि बाळाला काजळाची तीट लावा म्हटलं.

परवाचं उत्तर मिळालं ते पहिल्या दिवशीच्या पोरींकडून. मेंदी खरवडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातली पोर आली तेव्हा तिचा हात विटकरी झाला होता. त्याच्या पुढच्या दिवशी तळहात गर्द तपकिरी, बोटांची टोकं जवळजवळ काळपट. तिच्यासोबत चार मैत्रिणी, त्यांच्यामागे कोणाच्या तरी आत्या. आता मला काही सांगावं लागत नव्हतं. "न्हाय रंगली तर" असं कोणी म्हटलं, की बांगड्यांच्या दुकानातली एखादी पोर आपला पंजा समोर धरायची. "काकी, ही बगा, ह्या ताईंनीच काडलीय." कासारकाकांच्या सुनेला तर मी दोन्ही हात पूर्ण दरात काढून द्यायला गेले तरी तिने पैसे दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दिवसभर बांगड्या दाखवताना तिचे हात बायांच्या डोळ्यांसमोर नाचत होते.

रथाच्या दिवशी सकाळपासून रस्ते भरले. लाऊडस्पीकर, भंडाऱ्याच्या रांगा, नोटांच्या माळा घेऊन जाणारी मंडळी. मोबाइलचं नेटवर्क दुपारी कोलमडलं आणि क्यूआर कोडची पाटी निव्वळ शोभेची झाली. सुट्ट्यांचा डबा भाचीच्या मांडीवर ठेवला. नक्षी दोनच ठेवल्या, वेल आणि टिक्का. मी वेली, नणंद टिक्के. दुपारी ताडपत्रीखाली ऊन तापलं तर मेंदी पातळ पडायला लागली. ओल्या फडक्यात कोन गुंडाळून माठाला टेकवून ठेवले. रथ आमच्या बाजूने जायची वेळ झाली तशा बाकावरच्या बाया ओले हात वर धरून उठल्या. पाया पडायचं तर हात जोडता येईनात. त्यांनी मनगटं जोडून नमस्कार केला. एकीने कोपराने मला ढकललं, "ताई, तुमी बी उठा." मी कोन खाली ठेवून उठले.

यात्रा उलगल्यावर हिशेब मांडला. जागेचं भाडं, वीज, टेम्पो, पावडर, लिंबं, सेलोफेन, मुक्काम. वजा जाता हातात राहिलं ते एका चांगल्या लग्नाच्या ऑर्डरीहून जास्त होतं. त्यातली बहुतेक कमाई रथाच्या आगेमागेची. भाची म्हणाली, मग पुढच्या वर्षी तेवढेच दिवस येऊ, आधीचं भाडं वाचेल. तिला वहीत दाखवलं की पहिल्या दोन दिवसांत आम्ही जवळपास तोट्यात बसलो होतो आणि तो तोटा नसता तर रथाच्या दिवशी परवाच्या रंगावर कोणी शंभर रुपये टाकले नसते. मेंदीच्या धंद्यात जाहिरात दोन दिवस भिजत घालावी लागते, घाईने ती होत नाही. ज्या कोणाला जत्रेत स्टॉल टाकायचा असेल तिला माझं एवढंच सांगणं आहे: लांब चालणारी जत्रा निवडा, गावातल्या हातांपासून सुरुवात करा, पैसे आधी घ्या आणि काळे कोन देणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

एक गोष्ट मात्र बदलायची ठरवली आहे. मेंदी काढायला आम्ही दोघी पुरलो, कोन पुरले, अपुरा पडला तो बाक. रथाच्या दिवशी जागा नाही म्हणून कितीतरी बाया काढण्याआधीच परत फिरल्या. पुढच्या वर्षी दहाऐवजी पंधरा फूट जागा घेणार, वाढलेल्या पाच फुटांत दुसरा बाक टाकणार. भाचीने वहीत नव्या भाड्याचा आकडा लिहिला आणि विचारलं, बाकाचे वेगळे पैसे लावायचे का? मी म्हटलं, नको, ते मेंदीच्या पैशांत आलेच आहेत.